दिवाळी अंकाच्या संपादकांना मेल करण्याआधी

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी बहुतेक अंकांची आखणी उन्हाळ्यातच सुरू होते. विषय सुचवणारा मेल मे-जूनमध्ये जायला हवा; गणपतीच्या सुमारास पाठवलेला चांगला लेखही परत येतो, कारण तोवर पानं लागलेली असतात.

आधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक चाळून घ्या. मग दीड-दोनशे शब्दांत विषय मांडा. ‘कोल्हापूरचा गूळ’ एवढ्यावर संपादक काही ठरवू शकत नाहीत. ‘गुऱ्हाळावर कसबी गुळव्या का मिळत नाही’ म्हटलं की लेख डोळ्यांसमोर येतो. कोणाशी बोलणार, किती शब्द आणि कधी देणार, हेही लिहा. एकच लेख दोघांकडे पाठवू नका. दोन्हीकडे छापून आला तर दोन्ही दारं बंद होतात. त्यापेक्षा ‘१५ जुलैपर्यंत कळलं नाही तर अन्यत्र विचारेन’ असं आधीच नम्रपणे कळवणं बरं. मधे एकदा आठवण करा, तीही मेलवरच.

होकार आला की लिहायला बसण्यापूर्वी शब्दमर्यादा, मानधन, ते कधी मिळणार आणि हक्क यांबद्दल मेलवर लेखी उत्तर घ्या. फोनवरचं बोलणं दिवाळीनंतर कोणाच्याच नीट लक्षात राहत नाही. हक्क एकदा छापण्यापुरते द्या. ई-आवृत्ती, ऑडिओ वेगळे विचारा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, हक्क लेखी देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. तेवढ्यात तुमचं पुस्तक अडू शकतं.

लेख यूनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये पाठवा. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की काना-मात्रा विस्कटतात. पान जुन्या फाँटमध्ये लागत असेल तर रूपांतरात ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात: ‘गुऱ्हाळ’चं ‘गुर्हाळ’ होतं, आणि शब्द जवळपास तसाच दिसत असल्याने नजरेतून सुटतो. म्हणून सोबत पीडीएफही द्या, ताडून पाहण्यापुरती, आणि लागलेलं पान तपासायला मागा. विशेषनामं आणि आकडे आधी वाचा.

शेवटी दोन ओळींचा परिचय, फोटोंचं श्रेय, बँकेचा तपशील, पॅन आणि पिनकोडसह पत्ता एकाच मेलमध्ये द्या. लेखकाची प्रत त्याच पत्त्यावर येते.