फेसवॉशवरील घटकांची यादी कशी वाचावी आणि दोन फेसवॉशची तुलना कशी करावी

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण चेहऱ्याला हळद लावण्याची इथली रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. त्यामुळे दुकानात फेसवॉश घेताना ट्यूबवर हळकुंडाचे चित्र दिसले की हात आपोआप तिकडे वळतो. चेहऱ्यावरचा मळ आणि तेल काढण्याचे काम मात्र यादीतली पहिली चार-पाच नावे करतात, आणि धुतल्यानंतर त्वचा मऊ राहणार की ताणली जाणार, हेही बहुतांशी तीच ठरवतात. म्हणून तुलनेची सुरुवात ट्यूबच्या मागच्या बाजूने करावी.

१. यादीत एक टक्क्याची रेघ शोधा

भारतातील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. ही सीमा कुठे आहे ते यादीत लिहिलेले नसते, पण ओळखता येते. फिनॉक्सिइथॅनॉल हे टिकाऊपणासाठी घालायचे द्रव्य साधारणपणे एक टक्क्याच्या आतच वापरतात, त्यामुळे त्याच्यानंतर आलेले घटकही तेवढेच किंवा त्याहून कमी असतात. ‘कर्क्युमा लाँगा’, म्हणजे हळदीचा अर्क, या नावानंतर असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटी ‘सीआय १९१४०’ किंवा ‘सीआय ४७००५’ दिसले, तर ते कृत्रिम पिवळे रंग आहेत. फेसवॉशचा पिवळेपणा त्यांच्यामुळेही असू शकतो.

२. मळ काढणारा मुख्य घटक कोणत्या कुळातला आहे ते पाहा

पाण्याखालोखाल येणारी नावे सर्वांत महत्त्वाची असतात. मळ काढणाऱ्या या रेणूंचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, म्हणून चेहऱ्यावरचे तेल पाण्याबरोबर वाहून जाते. मात्र हेच रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात आणि त्वचेचे स्वतःचे स्निग्ध द्रव्यही ओढून नेतात. हे किती प्रमाणात घडते, ते कुळावर अवलंबून असते.

पहिले कूळ साबणाचे. वडीवर सोडियम पामेट, सोडियम कोकोएट अशी नावे असतात. साबणाच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणा मोजण्याचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ९ ते १० च्या आसपास असतो, तर निरोगी त्वचेचा ५ च्या जवळपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. भरपूर फेस देणाऱ्या मलईदार फेसवॉशमध्ये अनेकदा साबणच असतो आणि तो ओळखू येत नाही. मायरिस्टिक, स्टिअरिक किंवा लॉरिक ॲसिड वरच्या ओळीत असून सोबत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असेल, तर त्या दोहोंपासून साबणच तयार झालेला असतो, पुढे ‘सौम्य’ असे छापलेले असले तरीही.

दुसरे कूळ सल्फेटांचे. सोडियम लॉरिल सल्फेट इतके दाहक आहे की त्वचेच्या संशोधनात मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी तेच वापरतात. सोडियम लॉरेथ सल्फेट नावाने जवळचे असले तरी त्याचा रेणू मोठा असून ते बरेच सौम्य असते. त्याच्या जोडीला कोकॅमिडोप्रोपिल बिटेन असेल तर दाह आणखी कमी होतो, त्यामुळे तेलकट त्वचेला ही जोडी बहुधा मानवते.

तिसऱ्या कुळात सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, सोडियम कोकॉइल ग्लायसिनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड ही नावे येतात. कोरड्या किंवा नाजूक त्वचेसाठी माझी पसंती यांनाच राहील. केवळ ‘सल्फेट-फ्री’ या शब्दावर मात्र विसंबू नये, कारण सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नसूनही चांगलेच तीव्र असू शकते.

३. आपल्या घरचे पाणी तपासा

एका स्वच्छ बाटलीत पाणी घेऊन त्यात साध्या साबणाचा थोडा कीस टाकावा आणि बाटली जोराने हलवावी. फेस येण्याऐवजी पाणी गढूळ होऊन वर पांढरा साका आला, तर पाणी जड आहे. जत, आटपाडी, माण, खटाव अशा कमी पावसाच्या तालुक्यांत जिथे बोअरच्या पाण्यावर घर चालते, तिथे ही तपासणी अवश्य करावी. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून तोच साका त्वचेवर सोडतात. अशा घरांनी साबणाचे कूळ टाळावे. यादीत डायसोडियम ईडीटीए असेल तर ते हे क्षार बांधून ठेवण्यास मदत करते.

४. पीएच घरीच मोजा

शाळेच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात पीएच कागद मिळतो. बोअरचे पाणी स्वतःच अल्कधर्मी असू शकते, म्हणून बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, त्यात थोडे फेसवॉश विरघळवून कागद बुडवावा आणि रंग तक्त्याशी ताडून पाहावा. ५ ते ६ च्या दरम्यान रंग आला तर उत्तम. ९ च्या पुढे गेला तर तो साबण समजावा.

५. बाकीची नावे

ग्लिसरीन यादीत जितके वर, तितके चांगले. सिटिल अल्कोहोल आणि सिटिअरिल अल्कोहोल यांना घाबरू नये. ती त्वचा कोरडी करणारी स्पिरिटे नसून मेणासारखी मऊपणा देणारी द्रव्ये आहेत. व्हिटॅमिन सी किंवा नियासिनामाइड हवे असेल तर ते चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममधून घ्यावे, कारण फेसवॉश मिनिटभरात धुऊन जाते. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळत असल्यामुळे मुरुमांसाठी काही उपयोगी पडते, ते ०.५ ते २ टक्के असते. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे औषध आहे, ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे, आणि त्याने टॉवेलचा रंग उडतो हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांना पुरळ किंवा खाज लवकर येते, त्यांनी सुगंध आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन (टिकाऊपणासाठी घालायचे द्रव्य) ही नावे आधी शोधावीत. कोकॅमिडोप्रोपिल बिटेनचीही काहींना ॲलर्जी असते.

६. वापरून ठरवा

पात्र ठरलेले फेसवॉश कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून धुवावे आणि असे दोन-तीन दिवस रोज करावे. लाली किंवा खाज आली नाही तर चेहऱ्यावर वापरावे. त्या काळात दुसरे काही नवीन सुरू करू नये. चेहरा पुसल्यावर काहीही न लावता दहा-पंधरा मिनिटे थांबावे. त्वचा ताणल्यासारखी वाटली तर फेसवॉश तुमच्यासाठी तीव्र आहे, मग यादी कितीही चांगली दिसो. दोन फेसवॉश सारखेच मानवले, तर छापील किंमतीला ग्रॅममधल्या वजनाने भागून, शंभरने गुणून १०० ग्रॅमचा भाव काढावा आणि स्वस्त पडेल ते घ्यावे.