फुकटच्या ईमेल सर्व्हरचा हिशेब

ईमेल सर्व्हर संस्थेचा स्वतःचाच असल्यामुळे तो जवळजवळ फुकट पडतो, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीला जाऊन रातोरात स्पॅम सुटला, आमचा आयपी पत्ता काळ्या यादीत गेला आणि साधी बिलेसुद्धा ग्राहकांच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडू लागली, तेव्हा हिशेब नव्याने मांडला. हार्डवेअरची रक्कम किरकोळ निघाली. खरा खर्च बॅकअप, पॅचेस (सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या) आणि रात्री-अपरात्री लॉग (सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी) चाळणाऱ्या माणसाच्या (म्हणजे माझ्याच) पगारात दडलेला होता. म्हणून होस्टेड सेवेकडे, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या ईमेलकडे, जायचे ठरवले. तिचे शुल्क दर मेलबॉक्समागे असल्याने आधी नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद केली, एमएक्स नोंदीचा (आमची मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर ती नोंद जपून ठेवतात तो कालावधी, आदल्या दिवशीच 300 सेकंदांवर आणला, आणि मगच स्थलांतर केले. एसपीएफची नोंद (आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी) बदलायची मात्र राहून गेली होती, ती दुपारी सुधारली.