व्हॅलोरंट शिकायचंय? आधी थांबायला शिका

जुळे सोलापुरातल्या गेमिंग कॅफेत नवीन मुलांच्या शेजारी बसलं की एक गोष्ट दर वेळी दिसते. पुढे पळायच्या ‘डब्ल्यू’ बटणावरचं बोट उठतच नाही. समोर कुणी दिसलं की पळता पळताच माउस दाबून धरतात, अख्खं मॅगझिन भिंतीवर जातं आणि समोरचा एका गोळीत काम संपवतो. मग म्हणतात, “माझा एम (नेम) खराब आहे.” बहुतेक वेळा एम ठीकच असतो, पाय थांबलेले नसतात.

खेळ थोडक्यात सांगतो. रायट गेम्सने तो जून २०२० मध्ये आणला, कॉम्प्युटरवर फुकट खेळता येतो. बंदुकांचा खेळ, पाच विरुद्ध पाच. एक टीम स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावायला येते, दुसरी अडवते. १२ राउंडनंतर बाजू बदलतात आणि आधी १३ राउंड घेईल ती टीम जिंकते. मेलात की राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. त्यामुळे इथं घाई फार महाग पडते.

१. आधी टेबल आणि वायर

मुंबईचा सर्व्हर निवडा आणि वायफायऐवजी लॅन केबल लावा. राउटरला छोटा यूपीएस हवाच. उन्हाळ्यात भर दुपारी लाइट गेली तर तुम्हाला दंड बसतो आणि बाकीचे चौघे तुमच्याविना लढत राहतात.

माउस ८०० डीपीआयवर (माउसच्या वेगाचं माप) आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी (माउस हलवल्यावर नजर किती फिरते ते) ०.३५च्या आसपास ठेवा. या सेटिंगवर पूर्ण गिरकी घ्यायला माउस जवळजवळ ४७ सेंटीमीटर सरकवावा लागतो, म्हणून पॅड मोठा घ्या. आपल्याकडे बरेच जण घरात आहे म्हणून चादरच घडी करून खाली घालतात. सोलापुरी चादरीची वीण जाड, नक्षी उठावाची, त्यावर माउस अडखळतो. आणि एकदा ठरवलेली सेन्सिटिव्हिटी महिनाभर बदलू नका.

२. थांबा, मग गोळी

रोज दहा मिनिटं रेंजमध्ये, म्हणजे गेममधल्या सरावाच्या जागेत जा. ‘डी’ दाबून उजवीकडे चाला, ‘डी’ सोडा, क्षणभर डावीकडच्या ‘ए’ला स्पर्श करा, पाय थांबले की एकच गोळी. परत डावीकडे, तसंच. बॉट (सरावाचे पुतळे) किती पडले ते मोजू नका. प्रत्येक गोळी थांबल्यानंतर सुटली का, एवढंच बघा. पळताना या खेळात गोळी कुठेही जाते, थांबल्यावर पहिली गोळी जवळजवळ क्रॉसहेअरवरच, म्हणजे स्क्रीनच्या मधल्या नेमाच्या खुणेवरच जाते.

दुसरी सवय क्रॉसहेअरची. नवीन खेळाडू चालताना जमिनीकडे बघतो. तुम्ही क्रॉसहेअर सतत डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि कोपरा ओलांडण्याआधीच, जिथून माणूस निघेल त्या जागेवर धरा. व्हँडल या रायफलची डोक्यात बसलेली गोळी १६० डॅमेज (इजा) करते, कितीही लांबून. पूर्ण शील्ड (चिलखत) घेतलेल्याकडे जीव आणि शील्ड मिळून एकूण १५० असतात. छातीत मात्र प्रत्येक गोळीला ४०च. म्हणजे डोक्यात एक, नाहीतर छातीत चार.

शिफ्ट दाबून चाललात तर पावलांचा आवाज होत नाही. साइटच्या (स्पाइक लावायच्या जागेच्या) जवळ पोचलात की पळणं बंद.

३. पैसे धरून ठेवा

इथं नवीन टीम सगळ्यात जास्त राउंड घालवते. समजा पहिला राउंड हरलात आणि सुरुवातीचे ८०० क्रेडिट (बंदुका घ्यायचे खेळातले पैसे) खर्च झाले. हरल्याचे १९०० मिळतात. हात शिवशिवतो, १६००ची स्पेक्टर बंदूक घेता, शिल्लक ३००. परत हरलात तर २४०० येतात आणि तिसऱ्या राउंडला हातात फक्त २७००. व्हँडल २९००ची. आता उलट करा: दुसऱ्या राउंडला काहीच घेऊ नका. तो हरलात तरी तिसऱ्याला ४३०० होतात, त्यात व्हँडल आणि १०००ची मोठी शील्ड घेऊन ४०० अॅबिलिटींना (पात्राच्या खास करामतींना) उरतात.

हे पाचही जणांनी एकत्र केलं तरच उपयोग. चौघे सेव्ह करत असताना एकट्याने घेतलेली महागडी बंदूक समोरच्याला दिलेली भेट ठरते. खरेदीच्या स्क्रीनवर पुढच्या राउंडला कमीत कमी किती मिळतील ते लिहिलेलं असतं. तिथं नजर टाकूनच खरेदी करा.

४. कॉल कसा द्यावा

कॉल म्हणजे समोरचा कुठे आहे ते टीमला बोलून सांगणं. माझ्या मते खरी सुधारणा इथंच होते. आमच्या पाच जणांत दोघांच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी कन्नड. गडबडीत ज्याच्या त्याच्या तोंडी ज्याची त्याची भाषा यायची आणि बाकीच्यांना काही कळायचं नाही. शेवटी ठरवलं: जागेचं नाव, किती जण, किती डॅमेज. बस. जागांची नावं मॅपवरचीच. तुम्ही उभे आहात त्या जागेचं नाव मिनीमॅपच्या (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाच्या) वर दिसतं, ते पाठ करा.

“अरे इथं आहे, इथं!” हा कॉल नव्हे. गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गर्दीत फोनवर कुणी “मी इथंच आहे, पाळण्याजवळ” म्हटलं तर तो सापडतो का?

परवा असेंट या मॅपवर आमचा एकच गडी उरला होता, स्पाइक लागलेली, समोरही एकच. आधी मेलेल्याने शांतपणे सांगितलं, “रॅफ्टर्स, एक, ऐंशी.” म्हणजे दोन गोळ्या बसल्यात, १५०पैकी ७० उरलेत. आमच्या गड्याने डोकं शोधत बसायच्या ऐवजी छातीवर धरलं, दोन गोळ्यांत समोरचा पडला. स्पाइक ४५ सेकंदांत फुटते आणि डिफ्यूज (निकामी) करायला ७ लागतात. वेळ पुरला.

आणि हो, मेल्यावर एकदा माहिती द्या आणि गप्प बसा. जिवंत असलेल्याला पावलं ऐकायची असतात.

५. एजंट आणि रँक

एजंट म्हणजे तुम्ही खेळता ते पात्र. सुरुवातीला सेज किंवा ब्रिमस्टोन घ्या. सेज बरं करते, भिंत उभी करते. ब्रिमस्टोन धूर टाकतो. निशाणा अजून कच्चा असला तरी टीमला तुमचा उपयोग होतो. दर आठवड्याला नवा एजंट धरू नका.

रँकच्या मॅच लेव्हल २०नंतर उघडतात. तिथं जाताना किमान एक ओळखीचा सोबत घ्या. सलग दोन मॅच हरलात की तिसरी लावू नका. उठा, पाणी प्या, खाली एक चक्कर मारून या. परत बसलात तर आधी रेंज, दहा मिनिटं.