काळ्या पाइनची कात्री बाजूला ठेवा, आधी कुंडीचा निचरा पाहा

उत्तर गोलार्धात जून लागला की जपानी काळा पाइन बोन्साय म्हणून कुंडीत सांभाळणाऱ्यांचे हात कात्रीकडे वळतात. वसंतात वाढलेले लांब कोंब बुडापासून कापून त्यांच्या जागी आखूड सुयांची (सुईसारख्या पानांची) दुसरी फूट घेण्याचे, म्हणजे जपानीत ज्याला मेकिरी म्हणतात त्या कामाचे, हेच दिवस असतात. त्या छाटणीविषयी पुढे लिहिले आहेच. परंतु आजवर या जातीची जेवढी झाडे वाया गेलेली पाहिली, त्यांतली फार थोडी छाटणी चुकल्यामुळे गेली. बाकीची कुंडीत पाणी तुंबून गेली, आणि त्यांच्या मालकांपैकी बहुतेकांनी पावसाआधी कुंडी उचलून तळाचे छिद्र पाहिलेसुद्धा नव्हते.

हे झाड होन्शू, शिकोकू, क्यूशू या जपानी बेटांच्या आणि दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावरचे आहे. खारा वारा, रेताड जमीन, पडलेले पाणी लगेच खाली उतरणे आणि मुळांभोवती सदैव हवा खेळती असणे, ही त्याची मूळची राहणी. पाणी त्याला भरपूर लागते, पण साचलेले पाणी अजिबात चालत नाही.

बोन्सायच्या उथळ कुंडीत नेमकी इथेच अडचण येते. कोणत्याही कुंडीत पाणी वाहून गेल्यावर तळाशी ओलाव्याने गच्च भरलेला एक थर उरतो, आणि त्या थराची जाडी कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. कण जितके बारीक तितका हा थर उंच चढतो. त्यामुळे जी माती खोल कुंडीत बिनतक्रार चालते, तीच ६ सेंटीमीटर खोलीच्या कुंडीत मुळांचा निम्मा गड्डा बुडवून ठेवते. अकादामा ही भाजल्यासारखी दिसणारी जपानी माती सुरुवातीला उत्तम निचरा देते. मात्र थंडीतील गोठण्या-वितळण्याने आणि मुळांच्या दाबाने दोन-तीन वर्षांत तिचा भुगा होतो, हा भुगा खाली उतरून छिद्रावरच्या जाळीशी बसतो आणि वरून सारे ठीक दिसत राहते.

आता मेकिरीचा आणि याचा संबंध लक्षात घ्यावा. कोंब कापले की झाडाची पाने एकदम कमी होतात आणि त्याचे पाणी ओढणे मंदावते. कालपर्यंत एका दिवसात सुकणारी कुंडी आज दोन-तीन दिवस ओली राहते. जपानमध्ये जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतचा मेकिरीचा काळ आणि त्सुयू म्हणजे तिथला पावसाळी हंगाम एकमेकांवर येतात. इतरत्रही जिथे उन्हाळी पाऊस लांबतो तिथे हेच घडते. निचरा चांगला असेल तर काही बिघडत नाही. तो तुंबलेला असेल, तर कापलेले झाड आणि सतत ओली कुंडी हीच जोडी मुळे कुजवते.

अशी एक कुंडी मी स्वतः उपसून पाहिली आहे. झाड वरून हिरवेगार होते, दुसरी फूट मात्र टाचणीच्या डोक्याएवढी होऊन थांबली होती. गड्डा बाहेर काढताच आंबूस वास आला, आणि एक मूळ चिमटीत धरून ओढले तर त्याची साल म्यानासारखी निघून हातात आली व आत नुसता दोरा उरला. त्या सुया त्यानंतरही कित्येक आठवडे हिरव्या होत्या. पाइन मेल्याचे फार उशिरा कळवतो, म्हणून पानांच्या रंगावर विसंबून राहू नये.

पुढील तपासण्या कात्री हातात घेण्याआधी कराव्यात. कुंडीवर झारीने पाणी घालावे. ते पृष्ठभागावर तळे करून थांबले, किंवा खालून धार न लागता थेंबथेंब पडू लागले, तर माती तुंबली आहे असे समजावे. बांबूची एक काडी गड्ड्याजवळ तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी आणि तिच्या टोकाचा ओलावा व वास पाहावा. शिवाय पाऊस नसताना पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहण्याची माझी सवय आहे. याला शास्त्रीय आधार विचाराल तर तो फक्त वजनाचा आहे. पण रोज उचलणाऱ्याच्या हाताला फरक कळतो, आणि माझा हात काडीपेक्षा क्वचितच चुकला आहे.

माती तुंबलेली आढळल्यास जूनमध्ये कुंडी बदलू नये. ते काम लवकर वसंतात, कळ्या फुगू लागल्यावर आणि कोंब लांबण्याआधी करायचे असते. सध्या पृष्ठभागावरचे शेवाळ आणि घट्ट झालेला सेंटीमीटरभर थर खरवडून तिथे चाळलेली जाड रेव भरावी, काडीने वरून खालपर्यंत काही ठिकाणी भोके पाडावीत, छिद्राची जाळी खालून मोकळी करावी आणि संततधार असताना झाड छपराखाली हलवावे. कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा देऊन ती तिरकी ठेवावी. तिरक्या कुंडीत पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते आणि तळाचा गच्च थर बराचसा वाहून जातो. या उपायाला एक पैसा लागत नाही. तो कोणी फारसा सांगत नाही, याचे कारण कदाचित तेच असावे. अशा झाडाची या वर्षी मेकिरी करू नये आणि त्याला खतही देऊ नये.

झाड सशक्त असेल, वसंतात पोटभर खत मिळाले असेल आणि या वर्षी कुंडी बदललेली नसेल, तरच कोंब कापावेत. शरद संपेपर्यंत नव्या सुयांना सुमारे १०० दिवस मिळावेत असा हिशेब ठेवून तारीख ठरवावी. मोठे झाड आधी आणि लहान झाड उशिरा कापावे, कारण उशिरा आलेली सुई आखूड राहते. काप आडवा व सरळ घ्यावा. शेंड्याचा जोर खालच्या फांद्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून दुबळे कोंब प्रथम, मध्यम कोंब सात ते दहा दिवसांनी आणि शेंड्याचे जोरदार कोंब त्यानंतर तितक्याच दिवसांनी कापल्यास दुसरी फूट सारखी येते. मुख्य म्हणजे सुया नसलेल्या जुन्या लाकडावर पाइन नव्या कळ्या भरवशाने काढत नाही. गेलेली खालची फांदी परत मिळत नाही.

विक्रेत्यांच्या फळीवरील मूळवर्धक द्रव, जीवनसत्त्वांचे टॉनिक आणि बुरशीच्या महाग पुड्या यांविषयी माझे मत सौम्य नाही. गड्ड्यात हवा नसेल तर यांतले काहीही मुळांना वाचवत नाही, आणि हवा असेल तर त्यांची गरज पडत नाही. पाइनच्या मुळांशी असलेली पांढरी उपयुक्त बुरशी हवी असेल, तर कुंडी बदलताना जुन्या निरोगी गड्ड्यातील मूठभर माती नव्या मातीत मिसळावी. मिश्रणासाठी अकादामा, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि लाव्हा खडी समप्रमाणात घेतात. मात्र ३ ते ६ मिलिमीटरचे कण ठेवून २ मिलिमीटरखालचा भुगा चाळून फेकला नाही, तर महागातले महाग मिश्रणही चिखलच होते. पेंडीचे खतही मातीवर मोकळे ठेवू नये. ते विरघळून पृष्ठभागावर लगदा बसतो, म्हणून ते छोट्या जाळीच्या टोपलीत ठेवावे.

रोग-किडींपैकी सुयांवरील ठिपक्यांसाठी पावसाची सलग झड लागण्याआधी कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के भुकटी २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावी. वेष्टनावरील सूचना वेगळी असेल तर ती पाळावी. फवारणीपूर्वी ठिपक्यांच्या सुया उपटून जाळाव्यात, कारण माझ्या अनुभवात निम्मे काम त्यानेच होते. लाल कोळीसाठी डहाळी पांढऱ्या कागदावर झटकावी. कागदावर पडलेले ठिपके हलताना दिसले तर सुयांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. उन्हाळ्याच्या अखेरीस झाड एकाएकी तपकिरी पडले आणि सालीला छेद देऊनही राळ पाझरली नाही, तर पाइन मर रोगाची शंका घ्यावी. जपानमध्ये त्याची पहिली नोंद नागासाकीत १९०५ साली झाली, आणि भुंग्यामार्फत पसरणारा सूत्रकृमी हे त्याचे कारण १९७१ मध्ये स्पष्ट झाले. कोमेजल्यावर त्यावर उपाय नाही. झाड ताबडतोब जाळावे.

उरलेली नेहमीची कामे:
– मेकिरीच्या दिवशी खत काढणे. नव्या सुया कडक झाल्यावर पुन्हा देणे.
– शरदात प्रत्येक टोकाला दोनच कोंब ठेवणे.
– शरद अखेरीस जुन्या सुया उपटणे. शेंड्याला कमी आणि खालच्या फांद्यांना जास्त ठेवणे.
– तारकाम (फांद्यांना वळण देण्यासाठी तार गुंडाळणे) शरद ते हिवाळा. तापवून मऊ केलेली तांब्याची तार, फांदीच्या सुमारे एक-तृतीयांश जाडीची, ४५ अंशांच्या वेढ्यांनी.
– तार सालीत रुतू लागताच कापून काढणे.
– कुंडी दर ३ ते ५ वर्षांनी बदलणे. गड्ड्याची एकच बाजू धुणे, दुसरी पुढच्या वेळी.

पावसाचा अंदाज दोन दिवसांवर आला असेल आणि वेळ एकाच कामापुरता असेल, तर कात्री राहू द्यावी आणि कुंड्या उचलून छिद्रे तपासावीत. मेकिरी आठवडाभर पुढे गेली तर सुया थोड्या आखूड येतील, इतकेच.