स्पेशल रिलेटिव्हिटी शिकायचीये? आधी ग्राफ पेपर घ्या

सूत्रं पाठ करून रिलेटिव्हिटी कळत नाही, आणि जुळ्या भावांच्या कोड्यापासून सुरुवात केली तर डोकं अजूनच चक्रावतं, म्हणून सध्या दोन्ही बाजूला ठेवा. पायथागोरस येतो ना, बास.

आधी थोडा इतिहास, कारण प्रश्न काय होता तेच माहीत नसेल तर उत्तर नुसतं विचित्र वाटतं. वीज आणि चुंबकत्वाच्या मॅक्सवेलच्या समीकरणांतून प्रकाशाचा एक ठराविक वेग निघतो, सेकंदाला साधारण ३ लाख किमी, पण कोणाच्या हिशोबाने? लोक म्हणायचे ईथरच्या, म्हणजे प्रकाशाच्या लाटा ज्यातून जातात असं मानलेल्या माध्यमाच्या. १८८७ ला मायकेलसन आणि मोर्लीने क्लीव्हलंडला पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी लादीवर आरसे बसवून पृथ्वीचा ईथरमधला वेग मोजायला घेतला आणि वेगवेगळ्या दिशांना प्रकाशाच्या वेगात अपेक्षित फरक दिसलाच नाही. लॉरेन्ट्झ, प्वांकारे या शास्त्रज्ञांनी बरंचसं गणित केलं होतं पण ईथर काही सोडला नाही. १९०५ ला बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करणारा २६ वर्षांचा आईन्स्टाईन मात्र पेपरची सुरुवात चुंबक आणि तारेपासून करतो: चुंबक हलवा नाहीतर तार हलवा, करंट तोच येतो, मग थिअरीत दोन वेगवेगळी कारणं कशाला? ही सुरुवात मला मायकेलसनच्या प्रयोगापेक्षा जास्त पटते, शिकवताना ती का गाळतात कळत नाही.

आता दोन गोष्टी पक्क्या धरा. एकाच वेगाने सरळ जाणाऱ्या सगळ्यांना निसर्गाचे नियम सारखे, आणि प्रकाशाचा वेगही सगळ्यांना सारखाच.

ग्राफवर एक खाना म्हणजे एक फूट. प्रकाशाला एक फूट जायला साधारण एक नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) लागतो. ट्रेन प्रकाशाच्या ६०% वेगाने चाललीये, डब्यात फरशीवरून ४ फूट वरच्या आरशाकडे प्रकाश सोडला. आतल्याला तो सरळ वर गेला, ४ नॅनोसेकंद. प्लॅटफॉर्मवरच्याला मात्र तेवढ्यात डबा ३ फूट सरकलेला दिसतो, म्हणजे प्रकाश तिरका गेला, ४ आणि ३ चा कर्ण ५, आणि वेग तोच असल्यामुळे लागले ५ नॅनोसेकंद! डबा खरंच ३ फूट सरकला का तेही तपासा, ५ चे ६०% म्हणजे ३. इथे घाई करू नका, डब्यातलं घड्याळ बिघडलेलं नाही, तिथली प्रत्येक गोष्ट, हृदयाचे ठोकेसुद्धा, याच हिशोबाने चालतात.

मग ८०% वेगासाठी स्वतः काढा, ३ उभे ४ आडवे.

हे जमलं की म्युऑन घ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण. वातावरणात कित्येक किमी वर तयार होतात, सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेसुद्धा साधारण ६६० मीटरच जातील, तरी जमिनीवर भरपूर सापडतात, कारण आपल्या हिशोबाने त्यांचं घड्याळ हळू चालतं. पण म्युऑनच्या बाजूने त्याचं घड्याळ बरोबरच आहे, मग तो पोचला कसा? त्याच्यासाठी वातावरणाची जाडीच आकसलेली असते, किती ते त्याच त्रिकोणातून काढून बघा.