नील यंग: अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक शेजारी ठेवून कसा ऐकावा

रॉक गायक-गिटारवादक नील यंगच्या चाहत्यांत दोन तट आहेत. एकाला ‘हार्वेस्ट’ या अल्बममधला, गळ्यात हार्मोनिका अडकवून मांडीवर अकूस्टिक (विजेविना वाजणारी) गिटार घेतलेला नील यंग हवा असतो. दुसऱ्याला हवा असतो तो ‘क्रेझी हॉर्स’ बँडबरोबर उभा असलेला, काळ्या लेस पॉल गिटारवर दहा-पंधरा मिनिटं एकाच गाण्यात घुमणारा. वाद सुरू झाला की ‘हळवा’ आणि ‘दणदणीत’ हे दोन शब्द हमखास येतात, आणि चर्चा तिथेच संपते. कारण या शब्दांतून ऐकणाऱ्याची आवड कळते, गाण्यात काय घडलं ते कळत नाही.

तुलना नीट करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदललेली असावी. गाणं तेच, काळ तोच, फक्त वाद्य वेगळं. किंवा गाणं तेच, वादक एकटाच, पण गिटार दुसरी. बहुतेक संगीतकारांच्या बाबतीत अशा जोड्या सापडत नाहीत. नील यंगच्या बाबतीत त्या ढिगाने आहेत, कारण १९६०च्या दशकापासून तो रेकॉर्ड करत आलाय आणि जुन्या मैफली, बाजूला पडलेल्या टेप असं सगळं साठवून ठेवून नंतर एकेक बाहेर काढत आलाय. एक मोकळी सुट्टी, बरे हेडफोन आणि एक वही एवढं पुरेल.

आधी आवाज जुळवा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती चुकली तर पुढचं सगळं फुकट. मोठ्याने वाजणारी गोष्ट कानाला आपोआप जास्त भारी वाटते. म्हणून इलेक्ट्रिक ट्रॅक लावला की त्यातला गाणाऱ्याचा आवाज मघाच्या अकूस्टिक ट्रॅकइतकाच जवळचा वाटेपर्यंत व्हॉल्यूम खाली-वर करा. गिटारवरून जुळवू नका, गळ्यावरून जुळवा. नील यंगचा उंच, किंचित थरथरता आवाज दोन्हीकडे जवळपास तसाच राहतो, त्यामुळे मोजपट्टी म्हणून तोच कामाला येतो. मोबाइलच्या स्पीकरवर हे करू नका. त्यावर क्रेझी हॉर्सच्या बिली टॅलबटचा बेस निम्मा गायब होतो, आणि क्रेझी हॉर्समधून बेस काढला तर फार काही उरत नाही.

सोप्या जोडीने सुरुवात करा

१९७९चा ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ हा अल्बम जणू या कामासाठीच रचलेला आहे. जुन्या तबकडीची पहिली बाजू अकूस्टिक, दुसरी क्रेझी हॉर्सबरोबर इलेक्ट्रिक. पहिलं आणि शेवटचं गाणं एकच: सुरुवातीला ‘माय माय, हे हे’, शेवटी ‘हे हे, माय माय’. शब्दांत थोडी अदलाबदल आहे, पण जाड तारेवरची ती खाली उतरणारी ओळ दोन्हीकडे तीच. अल्बमचा बराचसा भाग १९७८च्या मैफलींत रेकॉर्ड झाला आणि नंतर प्रेक्षकांचा आवाज शक्य तितका पुसून टाकला गेला.

दोन्ही लागोपाठ ऐका. वहीत एवढंच लिहा: ती ओळ वाजून गेल्यावर काय होतं? अकूस्टिकमध्ये सूर वाजतो आणि लगेच विरतो, मागे थोडी जागा मोकळी राहते आणि तिच्यात पुढचा शब्द येऊन बसतो. इलेक्ट्रिकमध्ये सूर विरतच नाही. अँपमधून (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या डब्यातून) फाटत, गुरगुरत तो पुढच्या सुरापर्यंत येऊन पोचतो, आणि शब्दाला त्या गुरगुराटावर चढून बोलावं लागतं. गाणं जवळपास तेच, पण एकात तो काहीतरी सांगतोय आणि दुसऱ्यात बजावतोय.

आता खरी जोडी: नदीकाठचं गाणं

इथे वेळ काढा. ‘डाउन बाय द रिव्हर’ हे गाणं १९६९च्या ‘एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर’ या अल्बममधलं, क्रेझी हॉर्सबरोबरच्या पहिल्या अल्बमातलं. (हे, ‘सिनॅमन गर्ल’ आणि ‘काउगर्ल इन द सँड’ ही तीन गाणी सणसणून ताप असताना एकाच दिवशी लिहिली, असं त्यानेच सांगितलंय. ताप उतरवायची घाई करू नये असं वाटायला लावणारी ही यादी आहे.) या गाण्याच्या दोन मैफलींतल्या आवृत्त्या मिळतात, आणि त्यांत जेमतेम दहा महिन्यांचं अंतर आहे:

मार्च १९७०, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट, क्रेझी हॉर्सबरोबर. लांबी बारा मिनिटांच्या वर. ‘लाइव्ह ॲट द फिलमोर ईस्ट’ या नावाने २००६ साली प्रकाशित.

जानेवारी १९७१, टोरोंटोचा मॅसी हॉल, एकटा, अकूस्टिक. लांबी साधारण चार मिनिटं. ‘लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१’ म्हणून २००७ साली प्रकाशित.

वयात फरक नाही, गळ्यात फरक नाही, गाण्यात फरक नाही. मग आठ मिनिटं गेली कुठे?

फिलमोरची आवृत्ती आधी लावा. गिटार वाजवत असाल तर ओळखाल, कडव्याखाली ई मायनर सेव्हन आणि ए एवढ्या दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) फिरत राहतात. डॅनी व्हिटन दुसऱ्या गिटारवर त्या कॉर्ड तोडून तोडून वाजवतो, राल्फ मोलिना ड्रमवर घाई करत नाही, आणि वर नील यंगचा सोलो. या गाण्यातला त्याचा सोलो प्रसिद्ध आहे तो वेगासाठी नव्हे. एकच सूर तो पुन्हा पुन्हा, तुटक, हट्टाने मारत राहतो. पुढे जाणार असं वाटत असतानाच पुन्हा तिथेच येतो. पहिला सोलो सुरू झाला की व्हिटनकडे कान द्या. तो मागे साथ करत नाहीये, उत्तर देतोय. यंग थांबला की तो जागा भरतो, यंग पेटला की तो मागे सरतो. हे उत्तर-प्रत्युत्तर या बारा मिनिटांतला खरा ऐवज आहे. व्हिटन १९७२मध्ये गेला. त्यानंतरचा क्रेझी हॉर्स चांगलाच आहे, पण ही गुंफण पुन्हा तशी ऐकू आली नाही असं माझं मत आहे.

मग मॅसी हॉल. सोलो नाहीत, नुसतं गाणं. आणि एकदम लक्षात येतं की हा एका खुनाचा कबुलीजबाब आहे. नदीकाठी मी माझ्या प्रेयसीला गोळी घातली, असं गाणारा माणूस सांगतोय. फिलमोरला ही ओळ सगळे एका सुरात, जवळपास आनंदाने गातात, आणि ऐकणारा ताल धरतो. मॅसी हॉलमध्ये ती एकट्या माणसाच्या तोंडून येते आणि ताल धरावासा वाटत नाही.

ख्याल ऐकणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. बंदिशीचे शब्द दोन ओळींचे आणि पुढचा तासभर विस्तार, तसं काहीसं फिलमोरला चाललंय. मॅसी हॉलला फक्त बंदिश म्हणून दाखवली आहे. कोणतं श्रेष्ठ, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. शब्द नीट कळावेत तर मॅसी हॉल, त्या शब्दांनंतर माणसाच्या डोक्यात काय चालत असेल ते ऐकायचं तर फिलमोर.

कडव्यांमधल्या रिकाम्या जागा तपासा

‘पावडरफिंगर’ घ्या. अकूस्टिक आवृत्ती ‘हिचहायकर’ या अल्बमवर आहे. ऑगस्ट १९७६मध्ये मॅलिबूच्या इंडिगो रँच स्टुडिओत एकट्याने रेकॉर्ड केलेला हा अल्बम थेट २०१७ साली बाहेर आला. इलेक्ट्रिक आवृत्ती ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’च्या दुसऱ्या बाजूवर.

गोष्ट अशी: नदीतून एक पांढरी बोट वर येतेय, घरातले मोठे पुरुष कुणी गेलेले, कुणी डोंगरात शिकारीला, कुणी दारूत बुडालेले, आणि बावीस वर्षांचा एक मुलगा बंदूक घेऊन एकटाच काठावर. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी त्याला गोळी लागते. चौथं कडवं तो मेल्यानंतर म्हणतो.

आता नेमकं तिसऱ्या आणि चौथ्या कडव्याच्या मधे कान लावा. इलेक्ट्रिकमध्ये तिथे गिटार आहे. मुलगा पडला, आणि लगेच ती धून वर उसळते. ऐकणाऱ्याला मरण पचवायला वेळ मिळतो, आणि खरं सांगायचं तर थोडा गौरवही मिळतो. अकूस्टिकमध्ये ती उसळी नाही. मेलेला मुलगा जवळपास त्याच श्वासात बोलत राहतो. मला ही दुसरी आवृत्ती जास्त अंगावर येते, पण मैफलीत हजारोंसमोर पहिलीच वाजवावी लागेल हेही उघड आहे.

ही पायरी कोणत्याही जोडीला लागू पडते. कडवी तीच असतात. मधल्या जागेत कोण बोलतं ते बघायचं. नील यंगच्या अकूस्टिक गाण्यांत ती जागा बहुधा हार्मोनिकाकडे असते. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ आठवा. आणि हार्मोनिका म्हणजे श्वास. वाजवणाऱ्याची दमछाक झाली की ती संपते. इलेक्ट्रिक गिटारला दम लागत नाही.

गिटारची थोडी माहिती

फार खोलात जायची गरज नाही. त्याची काळी गिटार, ‘ओल्ड ब्लॅक’, ही १९५३ची गिब्सन लेस पॉल आहे, मूळची सोनेरी, नंतर काळी रंगवलेली. ती वाजते फेंडरच्या ट्वीड डिलक्स या छोट्या जुन्या अँपवर. भिंतभर स्पीकरांचा वाटावा असा तो गडगडाट मुळात या डब्यातला आहे. अँपची बटणं फिरवायला त्याने ‘व्हिझर’ नावाचं यंत्र वर बसवून घेतलंय. पायाने कळ दाबली की ते यंत्र बटण खरोखरच फिरवतं. म्हणून गाण्यात मधेच आवाज चढतो तेव्हा नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. सोलोच्या तोंडाशी हे ऐकायचा प्रयत्न करा.

अल्बमच्या लेबलवर विसंबू नका

‘हार्वेस्ट’ला (१९७२) सगळे अकूस्टिक अल्बम म्हणतात. उघडून बघा: ‘हार्ट ऑफ गोल्ड’ नॅशव्हिलमध्ये ड्रम, बेस आणि पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) यांच्यासकट, ‘अलाबामा’ आणि ‘वर्ड्स’ त्याच्या रँचवरच्या धान्याच्या कोठारात, चक्क इलेक्ट्रिक, ‘अ मॅन नीड्स अ मेड’ लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह, आणि ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ मैफलीत, एकटा. एका अल्बमात चार प्रकार. त्यामुळे ‘हार्वेस्ट विरुद्ध झूमा (क्रेझी हॉर्सबरोबरचा इलेक्ट्रिक अल्बम)’ असली तुलना वाद घालायला ठीक, ऐकायला निरुपयोगी.

तो कोणत्या वेळी कुठे वळला याची कारणंही नेहमी काव्यात्म नसतात. १९९१चा क्रेझी हॉर्सबरोबरचा दौरा इतका कर्णकर्कश झाला की त्याच्या कानात सतत आवाज यायला लागला. त्या दौऱ्यातून ‘वेल्ड’ निघाला, आणि सोबत ‘आर्क’ हा अर्ध्या तासाहून मोठा, मुख्यतः फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणाऱ्या गोंगाटाचा) तुकडाही. पुढच्या वर्षी आला तो शांत, अकूस्टिक ‘हार्वेस्ट मून’. कान विश्रांती मागत होते.

शेवटी बँड बाजूला काढा

इथपर्यंतच्या जोड्यांत एक गोम आहे. अकूस्टिक म्हणजे एकटा आणि इलेक्ट्रिक म्हणजे बँड, अशा दोन गोष्टी एकदम बदलत होत्या. फरक विजेमुळे पडतो की माणसांमुळे?

त्यासाठी ‘ल न्वाझ’ (२०१०) लावा. निर्माता डॅनिएल लान्वा. बेस नाही, ड्रम नाहीत. एकटा नील यंग, गिटार, आणि लान्वाने त्यावर चढवलेले प्रतिध्वनी. यातही ‘हिचहायकर’ हे गाणं आहे. मघाच्या १९७६च्या रेकॉर्डिंगमधलं तेच गाणं, तेव्हा अकूस्टिक, इथे इलेक्ट्रिक, दोन्हीकडे एकटा. मधे ३४ वर्षं गेली आहेत, गळा जाड झालाय आणि शेवटी नवे शब्द आलेत. तेवढं सोडून द्या.

मग लांबी बघा. आठ गाण्यांपैकी सहा इलेक्ट्रिक, आणि त्यांतलं एकही सहा मिनिटांपर्यंत जात नाही. अल्बममधलं सर्वांत लांब गाणं, ‘पीसफुल व्हॅली बूलव्हार्ड’, सात मिनिटांचं आणि ते अकूस्टिक आहे. आवाज फाटका आहे, जमीन हादरते, पण फिलमोरसारखं घुमत राहणं नाही. कडवी संपली की गाणं संपतं, अगदी मॅसी हॉलसारखं.

म्हणजे ते ताणणं गिटारमध्ये नव्हतं. मागे व्हिटन, टॅलबट आणि मोलिना होते, परत येण्यासाठी दोन कॉर्डचा ओटा होता, म्हणून तो इतका लांब जाऊ शकत होता. याला एक अपवाद लगेच सापडेल: जिम जार्मुशच्या ‘डेड मॅन’ या १९९५च्या चित्रपटाचं संगीत. तिथे तो बहुतांशी एकटाच, इलेक्ट्रिक गिटारवर, वाट्टेल तितका वेळ भटकतो. पण ते त्याने चित्रपट समोर चालू ठेवून, पडद्याकडे बघत वाजवलंय.