इंग्लिश चांदीचा चमचा नेमका कधीचा?

इंग्लिश चांदीवर शुद्धता, शहर आणि वर्ष सांगणारे छोटे ठसे (हॉलमार्क) असतात. लंडनच्या ठशांमध्ये 'ए' हे वर्षाचं अक्षर 1856, 1876, 1896 असं दर वीस वर्षांनी परत येतं. नुसतं अक्षर पाहून अक्षरावरून वर्ष सांगणारा तक्ता उघडला की घोळ होतो. म्हणून हा क्रम:

1. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, ठसे उठून दिसतात.
2. चालणारा सिंह म्हणजे 925 शुद्धता (हजारात 925 भाग चांदी).
3. शहर ओळखा: बिबट्याचं तोंड लंडन, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅम.
4. राजाराणीचं मुंडकं आहे? मग वस्तू बहुतेक 1784 ते 1890 मधली. अर्धं काम इथेच होतं.
5. आता त्या शहराच्या तक्त्यात अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट जुळवा.

'ईपीएनएस' (EPNS) असं कोरलेलं असेल तर तो दुसऱ्या धातूवरचा नुसता चांदीचा मुलामा. आणि ठशावर पॉलिश घासू नका, पुसट होतो.